थिअरीत ५०, लॅबमधे २८ : मधले २२ मिलिअँपियर गेले कुठे?

मागच्या महिन्यात या पानावर मी एवढंच विचारलं होतं, की लॅबमधलं रीडिंग आणि वहीतलं उत्तर जुळलं नाही की तुमच्या कॉलेजात काय करतात. त्यावर पत्रं आली ती लातूर, परभणी, अंबाजोगाई, नांदेड सगळीकडून, आणि एक तर हिंगोलीकडच्या एका शेतकऱ्याचं, त्यांची मुलगी शिकायलीय म्हणून. सगळी छापणं शक्य नाही, सहा घेतलीत.

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बी.एस्सी. फर्स्ट इयरला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. सिरीज रेझोनन्सचं, म्हणजे कुठल्या फ्रीक्वेन्सीला करंट सगळ्यात जास्त होतो ते बघायचं प्रॅक्टिकल असतं. कॉइल १० मिलिहेन्री, कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरड, रेझिस्टर १०० ओम, जनरेटर ५ व्होल्टवर. गणितानं रेझोनन्सला करंट ५० मिलिअँपियर यायला पाहिजे, लेकरांना येतो २८ च्या आसपास. मग बरेच जण सीनियरच्या जर्नलमधून ४९ उतरवून काढतात, आणि जे खरं लिहितात ते खाली 'ह्यूमन एरर' लिहून मोकळे होतात. मी आयडियल, म्हणजे पुस्तकातले बिनदोष कॉम्पोनंट आधी शिकवू का पहिल्या दिवसापासून खरे? तासिका तर तेवढ्याच आहेत.

मॅडम, आधी ते २८ बघू, कारण तुमच्या लेकरांनी रीडिंग एकदम बरोबर घेतलंय आणि हे त्यांना कुणीतरी सांगायला पाहिजे.

जनरेटरच्या आत साधारण ५० ओमचा रेझिस्टन्स असतो, बहुतेक फंक्शन जनरेटरवर सॉकेटच्या शेजारीच ते छापलेलंही असतं पण तिकडं कुणी बघत नाही. कॉइल म्हणजे शेवटी बारीक तांब्याची तारच, शेकडो वेढ्यांची, तिला स्वतःचा रेझिस्टन्स असणारच. मल्टिमीटर ओमवर ठेवून मोजा, अशा छोट्या १० मिलिहेन्रीच्या कॉइलला २०-३० ओम सहज निघतात. ३० धरा. आता १०० अधिक ५० अधिक ३०, झाले १८०. ५ भागिले १८० म्हणजे २७.८ मिलिअँपियर. हेच तुमचे २८. रेझोनन्सची फ्रीक्वेन्सी मात्र ५०३३ हर्ट्झच्या जवळपासच येते, कारण ती कॉइल आणि कपॅसिटरवर ठरते, या जास्तीच्या ८० ओमचा तिच्यावर परिणाम नाही. कर्व्ह मात्र पसरट होतो, क्यू, म्हणजे शिखराचा टोकदारपणा, ३.१६ वरून १.७६ वर येतो आणि बँडविड्थ, म्हणजे कर्व्हची रुंदी, जवळपास १६०० हर्ट्झवरून २९०० च्या आसपास जाते. म्हणजे एकाच ८० ओमनं शिखर बुटकं केलं आणि कर्व्ह रुंद केला, शिखर जागचं हललं नाही. लेकरांनी हे तीनही एकत्र बघितलं तर चोर कोण ते त्यांना स्वतःलाच सापडतं, कारण कपॅसिटरची व्हॅल्यू चुकली असती तर शिखर सरकलं असतं. कपॅसिटर १० टक्के इकडंतिकडं असला तर फ्रीक्वेन्सी ४८०० पासून ५३०० पर्यंत कुठंही येऊ शकते, तेही त्यांना आधीच काढून ठेवायला लावा.

खात्री करायची असेल तर रेझोनन्सवर असताना जनरेटरच्या टर्मिनलवरच ऑसिलोस्कोप लावा. मोकळा असताना ५ व्होल्ट होते ना, आता ३.६ दिसतील. एकच काळजी घ्या, पुष्कळ डिजिटल जनरेटर स्क्रीनवर जो व्होल्टेज दाखवतात तो पुढं ५० ओमचं लोड आहे असं धरून दाखवतात, त्यामुळं मोकळ्या टर्मिनलवर दुप्पट निघतो, म्हणून ५ व्होल्ट ठरवायचे ते स्क्रीन बघून नाही, मोजूनच ठरवायचे.

आता तुमचा खरा प्रश्न, आधी काय. माझं मत स्पष्ट आहे, आयडियल आधीच शिकवा, पण त्यात सेमिस्टर घालवू नका. पंधरा दिवसांत या पहिल्या, आयडियल मॉडेलला पहिला धक्का बसला पाहिजे. एक वर्षभर 'बॅटरी म्हणजे ठरलेला व्होल्टेज' असं घोकून घेतलं की पुढं ते डोक्यातून निघता निघत नाही. त्याहून अवघड म्हणजे पुष्कळ लेकरं आत कुठंतरी असं धरून बसलेली असतात की बॅटरीतून ठरलेला करंट निघतो आणि तो वाटेत बल्बनं खाल्ला जातो. हे आपल्याकडचंच नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीच्या लिलियन मॅकडरमॉट आणि पीटर शेफर यांनी १९९२ मधे याच विषयावर काम छापलंय, त्यांच्याकडच्या पोरांच्या डोक्यातही हेच निघालं, आणि ती पोरं किरचॉफची गणितं व्यवस्थित सोडवणारी होती.

म्हणून पहिलं प्रॅक्टिकल मी पेन्सिल सेलचं घेतो. प्रत्येक टेबलावर दोन सेल, एक नवा आणि एक घरून आणलेला जुना, रिमोटमधून किंवा भिंतीवरच्या घड्याळातून काढलेला. जुना सेल मीटरवर १.४ व्होल्ट दाखवतो, सगळे म्हणतात चांगलाय की. मग त्याला १० ओम लावायचा, आणि तो १ व्होल्टवर येतो. वर्गात जी शांतता होते ना ती मला फार आवडते. करंट झाला ०.१ अँपियर, आत हरवले ०.४ व्होल्ट, म्हणजे सेलच्या पोटात ४ ओम बसलेत. नव्या सेलमधे हेच काढलं तर पाव-अर्धा ओम निघतो. 'मीटरवर बरोबर दाखवतो पण रिमोट चालत नाही' हे घराघरातलं कोडं आहे आणि ते एका रेझिस्टरनं सुटतं. त्यानंतर १००, ४७, २२ आणि १० ओम लावून व्होल्टेज-करंटचा ग्राफ, सरळ रेषा येते, तिचा उतार म्हणजे आतला रेझिस्टन्स.

पण इथं थांबायचं नाही, बहुतेक जण इथंच थांबतात. आता विचारायचं की दोन १० ओम पॅरलल लावले, म्हणजे ५ ओम, तर किती येईल? आधी कागदावर लिहा मग लावा. १.४ व्होल्ट आणि पोटात ४ ओम, हे आपलं मॉडेल सांगतं ०.७८ व्होल्ट. लावल्यावर सुरुवातीला तेवढ्याच्या आसपास येतो आणि मग हळूहळू खाली घसरत जातो, पोरं मीटरकडं बघत बसतात आणि आकडा काही थांबत नाही. म्हणजे आपलं दुसरं मॉडेलही एका हद्दीपर्यंतच खरं, सेलचा आतला रेझिस्टन्स काही कायम एकच राहणारा नाही, तो करंटवर, वेळेवर, सेल किती रिकामा झालाय त्यावर बदलतो. मला लेकरांना एवढंच शिकवायचं असतं, की मॉडेल म्हणजे खऱ्या वस्तूच्या जागी आपण कागदावर मांडलेली दोन-चार सोपी चिन्हं, ती कुठपर्यंत साथ देतील ते मांडणाऱ्यानंच सांगायचं असतं, आणि जिथं साथ सुटते तिथं पुढचं चिन्ह घालायचं.

ओमचं नाव आपण रोज घेतो पण त्यानं हे केलं कसं ते सांगत नाही. जॉर्ज ओम जर्मनीत कोलोन गावात शाळेत गणित आणि फिजिक्स शिकवायचा. सुरुवातीला त्यानं व्होल्टाच्या पद्धतीची बॅटरी वापरली आणि तिचा जोर प्रयोग चालू असतानाच उतरायचा, आकडे जुळेनात. मग पोगेनडॉर्फ नावाच्या जर्मन फिजिक्सवाल्याच्या सांगण्यावरून त्यानं थर्मोकपल घेतलं, म्हणजे दोन धातूंची जोडी, टोकांच्या तापमानातल्या फरकावर व्होल्टेज देणारी, बिस्मथ आणि तांबं, एक टोक उकळत्या पाण्यात आणि एक बर्फात, तो सोर्स स्थिर राहिला. १८२६ मधे त्यानं जे सूत्र छापलं त्यात परिणाम म्हणजे एक स्थिरांक भागिले, तपासायच्या तारेची लांबी अधिक आणखी एक स्थिरांक. हा जास्तीचा स्थिरांक म्हणजे सर्किटमधल्या बाकी सगळ्याचा रेझिस्टन्स, सोर्ससकट. म्हणजे ओमच्या पहिल्याच सूत्रात तुमच्या जनरेटरचे ५० ओम होते मॅडम! आपण पुस्तकात ते गाळून टाकलं.

आता काय गाळायचं हेही शिकवावं लागतं, नाहीतर हुशार पोरं सगळंच घालत बसतात. ब्रेडबोर्डच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधे दोन-चार पिकोफॅरडचा कपॅसिटर असतोच. तुमच्या ५ किलोहर्ट्झला २ पिकोफॅरड म्हणजे जवळपास १६ मेगाओम, १०० ओमच्या शेजारी त्याला विचारायचं कारण नाही. पण हाच बोर्ड १० मेगाहर्ट्झला नेला की ते ८ किलोओम होतात आणि मग सर्किट ऐकत नाही. प्रत्येक कॉम्पोनंटबद्दल हा एक हिशोब करायला लावा, की हे घातलं तर उत्तर किती टक्क्यांनी हलेल. १ टक्क्याच्या आत असेल आणि रेझिस्टर ५ टक्क्यांचे सोनेरी पट्टीवाले असतील तर सोडून द्या.

शेवटी मार्कांचं. जर्नलमधे ऑब्झर्वेशन टेबलनंतर एक जागा ठेवा, 'फरक कुठून आला आणि किती', आणि दहातले निदान चार मार्क त्याला द्या. 'ह्यूमन एरर' लिहिलं तर शून्य, कारण कुणाचा, कुठला आणि किती हे काहीच त्यात नाही. मी शिकत होतो तेव्हा आमच्या लॅबमधे रीडिंग जुळलं नाही तर सर वही परत फेकायचे, आणि आम्ही सगळे उतरवायला शिकलो. तीन वर्षं. त्या तीन वर्षांत मी एकदाही कॉइलचा रेझिस्टन्स मोजला नाही, त्याचं वाईट मला अजून वाटतं. तुमची लेकरं २८ लिहायलेत हे फार मोठं आहे, त्यांना ते पुसायला लागू नये.

प्रश्न : आमच्याकडं कॉम्प्युटरवर सिम्युलेशन घेतात, तिथं करंट बरोबर ५० येतो. मग मोडकी उपकरणं घेऊन लॅबमधे बसायचंच कशाला? (इंजिनिअरिंग सेकंड इयर, नांदेड)

सिम्युलेशनला तू जे सांगितलंस तेच ते करतं. त्याच सर्किटमधे ५० आणि ३० ओमचे दोन रेझिस्टर टाक, लगेच २७.८ देईल. ते टाकायचे हे तुला कुठून कळणार, तर लॅबमधून. स्पाइस हे सर्किट सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर अमेरिकेत बर्कले युनिव्हर्सिटीत तयार झालं, १९७३ मधे बाहेर आलं, आणि आजची बरीच सॉफ्टवेअर त्याच घराण्यातली. त्यात डायोड नुसता ठेवला, त्याचं कुठलंही मॉडेल दिलं नाही, तर तो स्वतःच्या ठरलेल्या आकड्यांवर चालतो, सॅच्युरेशन करंट, म्हणजे उलट्या दिशेनं गळणारा करंट, १० चा उणे १४ वा घात अँपियर, आतला रेझिस्टन्स शून्य, आणि उलटा कितीही व्होल्टेज दिला तरी फुटत नाही. असा डायोड कुठल्याच दुकानात मिळत नाही. दोन्ही कर, पण आधी लॅब, मग सिम्युलेशनमधे एकेक खरी गोष्ट घालत घालत लॅबच्या आकड्यापर्यंत ये. पैशाची अडचण असेल तर आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम आहे, फुकट आहे, आत एनजीस्पाइस चालतं.

प्रश्न : मी अंबाजोगाईचा, लॅब असिस्टंट म्हणून नोकरी झाली, आता रिटायरमेंट जवळ आलीय. १० व्होल्टच्या सप्लायला १ मेगाओमचे दोन रेझिस्टर सिरीजमधे लावून मधला व्होल्टेज बघितला. ५ यायला पाहिजे. चांगल्या डिजिटल मीटरवर ४.८ आला, पिवळ्या स्वस्त मीटरवर ३.३, आणि जुन्या काट्याच्या मीटरवर १.४. सर म्हणले दोन मीटर भंगारात काढा. काढू का?

अजिबात काढू नका, दादा. तीनही मीटर बरोबर आहेत. आणि असा सुंदर प्रयोग तुम्ही होऊन करून बघितला याचं मला मनापासून कौतुक वाटलं.

मीटर लावला म्हणजे खालच्या रेझिस्टरला समांतर आणखी एक रेझिस्टर लावला. चांगल्या डिजिटल मीटरचा आतला रेझिस्टन्स १० मेगाओम असतो. १ आणि १० पॅरलल म्हणजे ०.९१ मेगाओम, म्हणून ४.७६ व्होल्ट. पिवळ्या स्वस्त मीटरमधे तो बऱ्याचदा १ मेगाओमच असतो, म्हणजे खाली अर्धा मेगाओम उरला, ३.३३ व्होल्ट. आणि काट्याच्या मीटरच्या डायलवर खाली कोपऱ्यात बघा, २० किलोओम पर व्होल्ट असं काहीतरी लिहिलेलं असेल, १० च्या रेंजवर ते झालं २०० किलोओम, उत्तर येतं १.४३. तुमचे तीन आकडे आणि हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा.

आता हे पोरांना उलटं द्या. मीटरच्या आत काय आहे ते सांगायचंच नाही. पिवळ्यावर ३.३३ आलं ना, मग वरच्या रेझिस्टरवर ६.६७ राहिले, त्यातून ६.६७ मायक्रोअँपियर वाहतोय. खालच्या रेझिस्टरमधून ३.३३ जातोय. उरलेला ३.३३ कुठं गेला? मीटरमधून. ३.३३ व्होल्ट भागिले ३.३३ मायक्रोअँपियर, मीटर १ मेगाओमचा. मीटर न उघडता मीटरचं पोट मोजलं! मग तेच १ किलोओमचे दोन रेझिस्टर लावून करायला सांगा, तीनही मीटर जवळपास ५ दाखवतील, काट्याचासुद्धा अर्ध्या टक्क्याच्या आत, काटा वाचण्यात थोडंफार इकडंतिकडं होईल तेवढंच. म्हणजे मीटर चांगला का वाईट हे मीटर कुठं लावला त्यावर ठरतं.

करंट मोजतानाही हेच उलट्या बाजूनं होतं. साध्या डिजिटल मीटरवर रेंज पूर्ण भरली की मीटरवरच साधारण ०.२ व्होल्ट पडतात. १२ व्होल्टच्या सर्किटमधे कळत नाही, दीड व्होल्टच्या सेलवर ते १३ टक्के झाले. सरांना हे पत्र दाखवा, मीटर कपाटात ठेवा, आणि रिटायर व्हायच्या आधी हे प्रॅक्टिकल तुमच्या हातानं एका बॅचला करून दाखवा.

प्रश्न : डायोडचा व्होल्टेज एका पुस्तकात ०.७, एकात ०.६, क्लासमधे शून्य धरा म्हणतात, आणि मीटरवर ४००७ चा डायोड ०.५५ दाखवतो. परीक्षेत काय लिहू? (बी.एस्सी. सेकंड इयर, परभणी)

परीक्षेत काय लिहायचं ते आधी सांगतो म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. उत्तराच्या पहिल्या ओळीत लिही, 'डायोडवर ०.७ व्होल्ट धरून', आणि मग पुढचं गणित. काय धरलं हे लिहिलेलं असलं की तपासणाऱ्याला तुझा रस्ता दिसतो.

आता खरं काय. डायोडला असा एक ठरलेला व्होल्टेज नसतोच, करंट वाढेल तसा तो थोडा थोडा वाढतो. मीटरच्या डायोडच्या रेंजवर जेमतेम १ मिलिअँपियर जातो म्हणून ०.५५ दिसला. त्याच ४००७ मधून १ अँपियर सोडला तर कंपनीच्या डेटाशीटमधे जास्तीत जास्त १.१ व्होल्ट दिलेला असतो. हजार पट करंट वाढला आणि व्होल्टेज दुपटीच्याही आत राहिला, म्हणूनच तर 'ठरलेला ०.७' हे मॉडेल इतकं चालून जातं.

चालेल कधी ते स्वतः काढ. १२ व्होल्ट आणि १ किलोओमला डायोड लावला, ०.६ धरलं तर ११.४ मिलिअँपियर आणि ०.७ धरलं तर ११.३, एक टक्काही फरक नाही, भांडायचं कशाला. डायोड शून्य धरला तरी १२ येतात, अंदाजाला ठीक. आता एक दीड व्होल्टचा सेल आणि १०० ओम घे. शून्य धरलं तर १५, ०.६ धरलं तर ९, ०.७ धरलं तर ८. इथं शून्यवालं मॉडेल सरळ खोटं पडलं आणि बाकीच्या दोघांतही १२ टक्क्यांचा फरक. सोर्स जितका लहान तितकी डायोडची काळजी जास्त घ्यावी लागते.

आणि एक, आपल्याकडं हे जास्त जाणवतं. डायोडचा व्होल्टेज तापमान एक डिग्री वाढलं की साधारण २ मिलिव्होल्टनं उतरतो. जानेवारीत सकाळच्या लॅबमधे १५ डिग्री, मे महिन्यात दुपारी ४२, सत्तावीस डिग्रीचा फरक म्हणजे ५० मिलिव्होल्टच्या वर. तुझ्या आणि तुझ्या सीनियरच्या जर्नलमधे ०.०५ चा फरक आला तर तारीख बघ. डायोडला गरम सोल्डरिंग गन जवळ नेऊन, टेकवायची नाही, मीटरवरचा आकडा खाली येताना बघ एकदा, थर्मामीटर कसा बनतो ते तिथंच कळेल.

प्रश्न : ७४१ या ऑप-अँप आयसीचा गेन १० चा (दहा पट करणारा) अँप्लिफायर, १ व्होल्ट पीकची साइन, २० किलोहर्ट्झ दिली तर आउटपुट त्रिकोणी येतोय. आयसी खराब आहे का? (पॉलिटेक्निक, जालना)

नाही. ७४१ चा आउटपुट एका मायक्रोसेकंदात साधारण अर्धा व्होल्टच हलू शकतो. तुझ्या १० व्होल्ट पीकच्या साइनला सव्वा व्होल्टचा वेग लागतो. म्हणून आउटपुट ७४१ च्या सगळ्यात जास्त वेगानं नुसता सरळ चढतो, उतरतो, त्रिकोण होतो, आणि त्याचं टोकही ६ व्होल्टच्या आसपासच पोचतं. इनपुट ०.१ व्होल्ट कर, साइन परत येईल. सर्किट तेच, फ्रीक्वेन्सी तीच.

प्रश्न : मी हिंगोली जिल्ह्यातला शेतकरी. रात्री शेतीची लाईट आली आणि लाईनवरच्या सगळ्यांच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पार डाऊन होतो, मोटारी जळतात. मुलगी बी.एस्सी. करायलीय, ती म्हणते बाबा हे आपल्या डीपीचं (लाईनवरच्या ट्रान्सफॉर्मरचं) इंटर्नल रेझिस्टन्स आहे, सेलसारखंच. लोक म्हणतात डीपी मोठी करा. लेक बरोबर आहे का लोक?

भाऊ, लेक बरोबर आहे, आणि ती पुस्तकातलं शेतापर्यंत घेऊन आली याचा तुम्ही अभिमान बाळगा. फक्त तिला म्हणा हिशोब पुढं चालव, कारण आतला रेझिस्टन्स नेमका कुठं बसलाय हे आकड्यात काढलं की उत्तर थोडं बदलतं.

समजा १०० केव्हीएची डीपी आहे. अशा ट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा इंपीडन्स, म्हणजे एसी करंटला होणारा अडथळा, साधारण साडेचार टक्के असतो, खालच्या बाजूला तो एका फेजला ०.०८ ओमच्या आसपास येतो. आता तार. गावाकडच्या बारीक अॅल्युमिनियम तारेला किलोमीटरला सव्वा ते दीड ओम पडतात, तुमची मोटार डीपीपासून ४०० मीटरवर असेल तर अर्ध्या ओमच्या वर एकट्या तारेचेच झाले. ५ एचपीची थ्री फेज मोटार साडेसात अँपियरच्या आसपास घेते. दहा मोटारी म्हणजे ७५ अँपियर. डीपीत पडले ६ व्होल्ट आणि, सगळ्या मोटारी लाईनच्या टोकाला धरल्या तर, तारेत ४० च्या आसपास. मोटारी मधेमधे विखुरलेल्या असतात म्हणून खरा आकडा थोडा कमी येईल, पण जास्त वाटा तारेचा हे त्यातून बदलत नाही. डीपी वाढवली तर या हिशोबात दोन-चार व्होल्ट वाचतील. डीपी जवळ आणली किंवा तार जाड केली तर जास्त वाचतील. डीपीवर तिच्या ताकदीपेक्षा जास्त मोटारी जोडलेल्या असतील तर ती गोष्ट वेगळी, तेव्हा तीही वाढवावीच लागते, नाहीतर तीच जळते.

दुसरी गोष्ट लेकीनं अजून धरलेली नाही. सेलच्या प्रयोगात आपण लोड म्हणून रेझिस्टर लावतो, व्होल्टेज उतरला की त्याचा करंटही उतरतो. मोटार तशी वागत नाही. पंपाला पाणी तेवढंच उचलायचंय, म्हणून व्होल्टेज उतरला की मोटार जास्त करंट ओढते. करंट वाढला की तारेत आणखी व्होल्टेज पडतो, मग आणखी करंट. सगळे एकदम स्टार्ट करतात तेव्हा तर सुरुवातीचे काही सेकंद प्रत्येक मोटार पाच-सहा पट घेते. वायंडिंग तापतं ते या जास्तीच्या करंटनं. म्हणजे सोर्सचं मॉडेल सेलसारखं चालेल, पण मोटारीच्या जागी रेझिस्टर ठेवून चालणार नाही, तिथं तिला वेगळं चिन्ह लागेल. ते इंडक्शन मोटारच्या धड्यात आहे, तिला म्हणा आता तो धडा उघड.

तोवर लाईनवरच्या सगळ्यांनी मिळून एवढं करा, लाईट आल्या आल्या सगळ्यांनी एकदम बटन दाबायचं नाही, दोन-दोन मिनिटांच्या अंतरानं मोटारी लावायच्या, आणि स्टार्टरमधलं ओव्हरलोड रिले कुणी तार टाकून बंद केलं असेल तर ते आधी चालू करून घ्यायचं.

लेकीला एक काम सांगा. प्लगमधे लावायचा व्होल्टेज दाखवणारा छोटा मीटर मिळतो, तो मोटारीच्याच लाईनवरच्या प्लगमधे लावून पंधरा दिवस दर तासाला आकडा वहीत लिहायचा, आणि शेजारी लाईनवर किती मोटारी चालू होत्या ते लिहायचं. डीपीच्या पेटीला हात लावायचा नाही, तिथलं काय असेल ते लाईनमनच बघेल. मोटारी आडव्या रेषेवर आणि व्होल्टेज उभ्या रेषेवर मांडून ग्राफ काढायचा. सुरुवातीला रेषा सरळ उतरेल आणि मोटारी वाढल्या की ती खाली वाकायला लागेल असा माझा अंदाज आहे. किती मोटारींनंतर वाकते ते मला कळवा, ती वही मी या पानावर छापीन.